एकब्युरेटव्रत

गेल्या महिन्यात आमच्या घरी सलग चार दिवस आमटी खारट झाली.

पहिल्या दिवशी मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही, कारण लग्नाला पस्तीस वर्षं झालीत आणि तेवढ्यात माणूस शहाणा होतो. तिसऱ्या दिवशी हिनंच पहिला घास घेतला, थांबली, पानाकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली, "अहो, मिठाची कंपनी बदललीत का तुम्ही?" मी पिशवी दाखवली. कंपनी तीच. चौथ्या दिवशी पाहुणे होते आणि तांबडा रस्सा होता. पाहुणे "झकास झालाय" म्हणत तीन-तीनदा पाणी मागून घेत होते. कोल्हापुरात रस्सा तिखट झाला म्हणून पाणी मागणं हा यजमानाचा गौरव. खारट झाला म्हणून मागणं म्हणजे घराण्याची अब्रू पंचगंगेला मिळणं. आणि पाणी कशासाठी मागितलंय हे मागणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

संध्याकाळी तपास लागला. चोर घरातलाच निघाला. मीच.

आमच्या मिठाच्या बरणीत एक चमचा असायचा. आईच्या वेळचा, लाकडी, एका कडेचा टवका उडालेला. रविवारी आवराआवरीच्या भरात मी तो काढला आणि त्या जागी स्टीलचा चकचकीत चमचा ठेवला. सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटलं नाही. चमचा तो चमचा. हिनं नेहमीसारखे तीन चमचे टाकले, आणि मीठ तिनं चाखून कधीच टाकलेलं नाही; हाताला माहीत असतं.

माझा कबुलीजबाब ऐकून ही भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तेहतीस वर्षं कॉलेजात पोरांना काय शिकवलंत?"

हा घाव वर्मी बसला. कारण तेहतीस वर्षं मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभं राहून पोरांना फक्त हेच शिकवलं होतं. ज्या पिपेटनं सुरुवात केलीस तिनंच शेवट कर. ब्युरेट मध्येच बदलू नको. बाकीचं रसायनशास्त्र त्यांनी गाइडातून पाठ केलं. एवढं एक मी शिकवलं होतं.

मला मात्र ते कुठल्या सरांनी शिकवलं नाही. मला शिकवलं मामांनी.

प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये एक मामा असतो. हजेरीपटावर तो शिपाई किंवा परिचर असेल, पण काचसामानाच्या कपाटाची किल्ली ज्याच्या करगोट्याला तो खरा विभागप्रमुख. मी १९८० च्या आसपास बी.एस्सी.ला आलो तेव्हा आमच्या मामांचं शिक्षण सातवी होतं आणि त्यांच्यापुढं एम.एस्सी. झालेले डेमॉन्स्ट्रेटर हळू आवाजात बोलायचे. पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही रांगेत उभे राहिलो. मामा प्रत्येकाच्या हातात एक ब्युरेट आणि एक पिपेट ठेवत होते. ब्युरेट म्हणजे खाली कॉक असलेली, रेघारेघांची उभी काचनळी; पिपेट म्हणजे मोजून द्रावण ओढून घ्यायची नळी. दोन्हींवर लाल ऑइलपेंटनं नंबर घातलेला.

"चौदा," मामा मला म्हणाले. "तीन वर्सं हीच. फोडलीस तर कॉशन मनी गेलं. दुसऱ्याला दिलीस तर अक्कल गेली. ब्युरेट आणि सायकल दुसऱ्याला द्यायची न्हाई. दिली की परत येती ती तुझी नसती."

तेव्हा हसलो. लॅबमध्ये चाळीस ब्युरेटी, सगळ्या एका मापाच्या, एका कंपनीच्या. चौदा काय आणि पंधरा काय! पण काचेवर बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं ते मामांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. तिथं ५० मिली असतं, २७ अंश सेल्सिअस असतं आणि कोपऱ्यात ए किंवा बी असं अक्षर असतं. २७ अंश एवढ्यासाठी की काच गरमीनं फुगते, पाणी तिच्याहून जास्त फुगतं, तेव्हा माप कुठल्या तापमानाला खरं ते सांगावं लागतं. युरोपात त्यासाठी २० अंश धरतात. आपल्याकडं २० अंश डिसेंबरातल्या पहाटे सापडणार, आणि पहाटे प्रॅक्टिकल नसतं. म्हणून भारतीय मानकानं २७ धरलं. बी वर्गाच्या ५० मिलीच्या ब्युरेटला ०.१ मिलीपर्यंत चुकायची मुभा असते, ए वर्गाला त्याच्या निम्मी. म्हणजे कारखानाच छापून देतो की ही वस्तू थोडं खोटं बोलणार. ते गृहीत धरूनच घरात आणायची.

आता गंमत अशी की चौदा नंबरची ब्युरेट जे खोटं बोलते ते दरवेळी जवळपास तेवढंच बोलते. माहीत असलेल्या ऍसिडशी कॉस्टिक सोडा तिनंच ताडून बघितला आणि नंतर माहीत नसलेलं ऍसिडही तिनंच काढलं, की गणितात वरही तेच खोटं, खालीही तेच खोटं. भागाकारात दोन्ही खोटी एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर स्वच्छ बाहेर येतं. हा चमत्कार मी पुढं फक्त सहकारातल्या ताळेबंदात पाहिला. पण वर चौदा आणि खाली पंधरा आली की दोघींच्या खोट्याचं जमत नाही आणि जर्नलात भांडण सुरू होतं.

ब्युरेट, पिपेट ही नावं रूढ केली फ्रान्सच्या गे-ल्युसॅकनं, १८२४ च्या सुमाराला. हाच गृहस्थ पुढं चांदीच्या नादी लागला. मिठाचं पाणी मोजून घालायचं आणि नाण्याच्या चांदीचा टंच काढायचा, ही रीत त्यानं बसवून दिली. आमच्या जिल्ह्यातली हुपरी म्हणजे चांदीचं गाव, त्यामुळं हे वाचल्यापासून मला तो परका वाटत नाही. शिवाय त्याचंही सगळं मिठाच्या मापावर अडलेलं होतं.

ब्युरेटचं सोवळंओवळं मामा जातीनं पाळायचे. ब्युरेट जे द्रावण भरायचं त्यानंच विसळायची. पिपेटही तशीच. कोनिकल फ्लास्क मात्र नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं. तो ऍसिडनं विसळला की पिपेटनं मोजून घातलेल्या ऍसिडात न मोजलेलं ऍसिड मिसळलं, संपलं. भरताना लावलेलं नरसाळं रीडिंगच्या आधी काढायचं, नाहीतर त्याच्या बुडाला लटकलेला थेंब बरोबर शेवटी पडतो. कॉकच्या खाली हवेचा बुडबुडा नको. आणि संध्याकाळी कॉस्टिक सोडा ब्युरेटमध्ये ठेवून घरी जायचं नाही. तो काच खातो आणि सकाळी कॉक असा बसलेला असतो की पैलवानाला फिरत नाही. आमच्या बॅचमध्ये एक पैलवान होता, त्यानं फिरवून बघितला. कॉक फिरला नाही, हातात आला.

सगळ्यात अवघड नियम पिपेटच्या शेवटच्या थेंबाचा. पिपेट रिकामी झाली की टोकाला एक थेंब राहतो. आपल्याकडं पानात भाताचं शीत टाकलं तर आजी उठून उभी राहते. तिथं मोजून घेतलेल्या ऍसिडचा थेंब तसाच सोडून द्यायचा म्हणजे काय! प्रत्येक पोर हळूच फुंकर मारायचं. पण पिपेटवरची खूण करणाऱ्यानं तो थेंब आधीच हिशेबात धरलेला असतो. टोक फ्लास्कच्या आतल्या अंगाला टेकवायचं, क्षणभर थांबायचं, आणि राहील ते राहू द्यायचं. मामा पाठीमागून यायचे आणि म्हणायचे, "फुकू नगंस, चूल न्हवं ती."

पिपेट तेव्हा तोंडानं ओढायची असे. आता रबरी फुगे आले, बरं झालं. पण माझ्या पिढीच्या प्रत्येक रसायनवाल्याला कॉस्टिक सोड्याची चव ठाऊक आहे: बुळबुळीत, साबणासारखी, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत टिकणारी.

तर तो पैलवान. गंगावेशीकडच्या तालमीत जोर मारून थेट प्रॅक्टिकलला यायचा. सहा फुटांवर उंची. ब्युरेट स्टँडला लावली की तिचं शून्य आमच्या कपाळावर आणि त्याच्या नजरेसमोर. शून्य तो बरोबर वाचायचा; पण पातळी खाली दहावर उतरली की आम्ही समोरून बघायचो आणि हा वरून. वाकायचं त्याच्या जिवावर यायचं, त्या दिवशीच्या बैठका तालमीत मारून झालेल्या असायच्या. वरून बघितलं की ब्युरेटचा आकडा कमी दिसतो. त्यामुळं सगळ्या वर्गाचं रीडिंग ९.८ आलं की याचं ९.७. सोडा कमी लागला म्हणजे ऍसिड सौम्य. वर्षभर जिल्ह्यातल्या सगळ्यात दणकट गड्याच्या जर्नलात सगळ्यात अशक्त ऍसिड होतं.

पण सर त्याच्यावर कधी रागावले नाहीत. "याचा चुकायचा हिशेब ठरलेला आहे," म्हणायचे, "०.१ घाला की झालं." गोंधळ झाला तो माझी आणि त्याची जोडी लावली तेव्हा. सुरुवातीचं रीडिंग मी घेणार, शेवटचं तो. मधेच त्याला भूक लागली की शेवटचंही मीच. तीन रीडिंग आली: ९.८, ९.७, आणि एक ९.७५, ज्यात आम्ही दोघांनी समजुतीनं मिटवलं होतं.

इथं सीबीआरचं सांगायला हवं. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. महाराष्ट्रात ज्यानं विज्ञान शाखेत पाऊल ठेवलं त्याच्या जर्नलात हा तक्ता आहे. आधी पायलट रीडिंग, म्हणजे घाईनं केलेला अंदाज. मग तीन नीट रीडिंग. तिन्ही जुळली की तो सीबीआर. पायलट रीडिंगच्या रकान्यात तीनचार पिढ्यांनी "१० ते ११ मिली" असं लिहिलेलं आहे. काहीही करा, पायलट १० ते ११ च. आणि तीन रीडिंग? ऍसिडात फिनॉल्फ्थॅलीन टाकलं की सोड्याच्या शेवटच्या एका थेंबानं फिका गुलाबी रंग यायला हवा. पांढऱ्याशुभ्र टाइलवर धरला तर कळेल न कळेल इतका फिका. कोल्हापूरच्या पोरांच्या हातून त्याचा हटकून तांबडा रस्सा व्हायचा. मग एक रीडिंग खरं करायचं आणि उरलेली दोन त्याच्यासारखी लिहायची, ही जुनी परंपरा. १०.२, १०.२, १०.२. सर बघायचे, हसायचे आणि सही करायचे. एकदाच म्हणाले, "निदान एक १०.३ लिही रे, देवालासुद्धा तीनदा सारखं येत नाही."

मीही लिहिली तशी रीडिंग. खोटं कशाला बोलू? मला अक्कल आली ती परीक्षेत.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल. बाहेरगावचे एक्स्टर्नल. पहिला अर्धा भाग झाला, सोड्याची तीव्रता काढून झाली, आकडे सुरेख. आणि चौदा नंबरची पिपेट धुताना नळाला लागली. टक् असा आवाज आला. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. मामांकडं जायची हिंमत झाली नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाचं आटोपलं होतं. त्याची पिपेट घेतली. दहाचीच होती. वर दहा लिहिलेलं. भरली, सोडली, टोक टेकवलं, फुंकलं नाही. सगळे संस्कार पाळले.

एक गोष्ट बघितली नाही. माझी पिपेट पोटवाली होती, एका खुणेची: खुणेपर्यंत भरली आणि पूर्ण सोडली की दहा. त्याची सरळ नळीची, रेघारेघांची होती, आणि तिची शेवटची रेघ टोकाच्या बरीच वर संपत होती. ती त्या रेघेपाशी थांबवायची असते. मी शेवटपर्यंत रिकामी केली. दरवेळी अर्धा-पाऊण मिली ऍसिड फुकट गेलं फ्लास्कात. तिन्ही रीडिंग खरी घेतली होती, जन्मात पहिल्यांदा. तिन्ही जुळली. १०.४, १०.४, १०.४. उत्तर सगळ्या वर्गाहून वेगळं आलं.

एक्स्टर्नल सरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला. "ऍसिड एकाच बाटलीतलं सगळ्यांना?"

"हो सर."

"मग तुझ्या हातात येऊन जोरकस झालं का?"

मी गप्प. मागं काचा पुसत मामा उभे होते. त्यांनी माझ्या हातातल्या पिपेटचा नंबर बघितला, मान हलवली आणि पुसायला लागले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

काचेशी इमान राखलं तर काय मिळतं, ते पुढं एम.एस्सी.ला वाचलं. इंग्लंडात लॉर्ड रॅले नावाचा शास्त्रज्ञ १८९२ च्या सुमाराला वायूंची वजनं करत बसला होता. काचेचा एक गोळा, त्यातली हवा उपसायची, नायट्रोजन भरायचा, तराजूत घालायचा. हवेतून काढलेला नायट्रोजन भरला की सुमारे २.३१० ग्रॅम. रसायनांपासून बनवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला की सुमारे २.२९९. फरक ११ मिलिग्रॅमचा. हा फरक आमच्या जर्नलात एका खोडरबराचा होता. पण रॅलेला खात्री होती: गोळा तोच, तराजू तोच, हात तोच, म्हणजे बदललंय ते आतलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी १८९४ मध्ये त्याला आणि रॅम्सेला त्या फरकात दडलेला एक नवाच वायू सापडला. आरगॉन. हवेत शंभरात जवळजवळ एक भाग, जन्मभर आपण सगळे नाकानं ओढत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. १९०४ साली दोघांना नोबेल मिळालं, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं. रॅलेनं मध्येच शेजारच्या बाकावरून गोळा आणला असता तर फरकाचा आळ गोळ्यावर जाऊन प्रकरण मिटलं असतं.

रॅलेला आरगॉन सापडला तसा मला एकदा म्हशीनं धडा दिला.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं. माझे वडील, आबा, डेअरीला दूध घालायचे. त्या वेळी डेअरीत फॅट काढायची ती काचेच्या नळीत: १० मिली गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, हातानं फिरवायच्या मशिनात गरगरा फिरवायचं आणि वर आलेला पिवळा थर वाचायचा. गंधकाम्ल दुधातलं बाकी सगळं जाळतं, चरबी तेवढी ठेवतं. दुधासाठी १०.७५ मिलीची वेगळी पिपेट असते. अशी पावणेअकराची विचित्र पिपेट जगात दुसऱ्या कामाला येत नसेल. गावात तिला नाव नव्हतं, पण तिच्यावर घरं चालायची. संध्याकाळी कट्ट्यावर एकच विषय: "आज फॅट किती लागली?"

आबांची तक्रार होती की सकाळी फॅट ६.४ लागते आणि संध्याकाळी ७.१. म्हैस तीच, चारा तोच, धार काढणारी आई तीच. मी नुकता बी.एस्सी. झालेला. मी तिथंच जाहीर केलं की दोष पिपेटचा आहे. एक तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी वापरतात, किंवा टेस्टर पोरगं सकाळी फुंकत नाही आणि संध्याकाळी फुंकतं. आबांना घेऊन डेअरीत गेलो आणि शेवटच्या थेंबावर दहा मिनिटं भाषण केलं. रांगेतली माणसं किटल्या खाली ठेवून ऐकायला लागली.

टेस्टर पोरगं शांत होतं. त्यानं पिपेट दाखवली. एकच होती. दोन्ही वेळेला तीच. हात एकच, त्याचाच. आणि मला तिथं उभ्या उभ्या गणित सुचलं, जे घरातून निघायच्या आधी सुचायला हवं होतं. एक थेंब म्हणजे ०.०५ मिली. पावणेअकरा मिलीत त्याचा हिस्सा अर्धा टक्का. सातच्या फॅटमध्ये तो फरक ०.०३ चा. थेंबानं ६.४ ची ७.१ होत नाही. ओंजळ फुंकावी लागेल.

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळत विचारलं, "पोरा, कितवी शिकलास?"

"बी.एस्सी."

"मग म्हशीला इचारायचं की. सकाळच्या धारंला रातभर येळ मिळतो, दूध लई उतरतंय, पातळ असतंय. सांजचं थोडं असतंय, घट्ट असतंय. समद्यांच्याच म्हशीचं असंच हाय."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दोन धारांमधलं अंतर वाढलं की दूध वाढतं आणि फॅटचं प्रमाण उतरतं. आणि हे कळलं कशावरून? पिपेट एकच होती म्हणून. परत येताना आबा वाटेत एकही शब्द बोलले नाहीत. दारात आल्यावर आईला म्हणाले, "चहा ठेव. सायबाचा घसा कोरडा झालाय."

तेव्हापासून मी दुधापुढं नम्र आहे. तरी खोड जात नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर अजून कधीमधी जातो. समोर म्हैस, गवळी थेट ग्लासात धार काढून देतो, वर दोन बोटं फेस. धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आला की लोक ओठाला लावतात. मी आधी डोळ्यांसमोर धरतो. फेसाखाली दुधाची पातळी कुठं आहे ते बघतो. तेहतीस वर्षांची सवय. एकदा गवळी म्हणाला, "काय सर, काचंत काय हुडकायलाय? म्हस हितं हाय." मी त्याला सांगितलं की फेस मापात धरायचा नसतो. तो म्हणाला, "आम्हीबी धरत न्हाई. ग्लास ह्योच, आमच्या आबापासनं. फेस घातल्याबिगर गिऱ्हाईक घेत न्हाई." म्हणजे त्याच्याकडंही चौदा नंबर होताच.

आईकडंही होता. तिच्या हाताखाली चिपटं होतं, लोखंडी, तांदूळ मापायचं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सरकारनं १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, पुढच्या सहा वर्षांत बाजारातले शेर-छटाक गेले, किलो-लिटर आले. आईनं त्याची दखल घेतली नाही. एकदा सुट्टीत मी तिला कॉलेजातून आणलेला मेजरिंग सिलिंडर दाखवला आणि म्हणालो, "हे चिपटं बरोबर पाव शेर भरत नाही, कमी भरतंय." ती म्हणाली, "भरू दे की. पाणीबी त्यानंच घालतीया मी." तांदूळही त्यानंच, पाणीही त्यानंच, वरही तेच खोटं, खालीही तेच खोटं. मामा सातवी तरी होते. आई शाळेत गेली नव्हती.

अशा घरात मी मिठाचा चमचा बदलला.

तर शोधाशोध झाली. लाकडी चमचा मी टाकला नव्हता, स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात ठेवला होता. जुनं काचसामान आणि जुनी माणसं एकदम टाकायची नसतात एवढं मामांकडून आलंय. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेला छोटा काटा माझ्याकडं आहे. त्यावर दोन्ही चमचे मीठ घालून तोलले, पाच-पाच वेळा, शीग काढून. लाकडी: ३.१ ग्रॅम. स्टीलचा: ५.४. मी कागदावर तक्ता केला, सरासरी काढली, आमटीत तीन चमचे गुणिले फरक म्हणजे जवळजवळ सात ग्रॅम मीठ ज्यादा, असं हिला समजावून सांगितलं. हिनं कागद बघितला.

"शीग काढून?" ती म्हणाली. "मी शीग काढत नाही."

परत तोललं. शिगेसकट लाकडी चमच्यात ४.४ बसतं, पण तिच्याच हातानं भरला तर. मी भरला की कधी ४ तर कधी ४.९. तिचा सीबीआर लागतो, माझा लागत नाही.

लाकडी चमचा परत बरणीत गेलाय. दांड्यावर मी लेकीच्या नेलपॉलिशनं छोटासा १४ घातलाय. आमच्याकडं जेवायला कधीही या, आगाऊ कळवलंत तर तांबडा-पांढरा दोन्ही होईल. फक्त ओट्याजवळ मदतीला उभे राहिलात तर मिठाच्या बरणीला हात लावू नका.